नर्मदेच्या वाटेवर बाप-लेक
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत, इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या निमित्ताने मी बोलावे असे कार्यवाहांनी सुचवले, तेव्हा ‘मराठी प्रवासवर्णनांतील नर्मदा’ असा एक प्राध्यापकी विषय मी कळवून टाकला होता. त्याची टिपणेही काढली. परंतु टिपणे काढत असता माझ्या ध्यानात आले, की त्या नर्मदेविषयी माझ्याहून अधिक जाणणारी मंडळी या सभागृहातच बसलेली असणार. मात्र नर्मदेच्या काठाने आपल्या प्रौढ कन्येबरोबर काही दिवस चालल्यावर बापाचे काय होते, हे मला स्वानुभवाने सांगता येईल. कार्यवाहांनी विषय बदलण्यास अनुमती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

प्रारंभी थोडे पार्श्वभूमीचे बोलतो. अमरकंटकला उगम पावून भडोचजवळ खंबातच्या आखातास मिळणारी नर्मदा १३१२ किलोमीटर वाहते. तिला उजव्या हाताला ठेवून एका तीराने समुद्रापर्यंत जायचे, संगमापाशी नावेने पलीकडे उतरायचे, दुसऱ्या तीराने उगमापर्यंत यायचे आणि जिथून निघालो त्या ठिकाणी परतायचे, ही परिक्रमा. जुन्या नियमाप्रमाणे तिला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. हल्लीचे पदयात्री पाच-सहा महिन्यांत ती पुरी करतात. अडीच हजारांहून अधिक किलोमीटरांची ही वाट आहे. नियम पुष्कळ आहेत. त्यांतला मुख्य असा, की वाटेत मिळणाऱ्या उपनद्या खुशाल ओलांडाव्यात, नर्मदा मात्र संगमापूर्वी ओलांडायची नाही. हा एक नियम आपण कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढे माझी सारी फजिती त्याच्याभोवतीच झालेली आहे.

आपण इंदूरकर नर्मदेला आपली म्हणतो. परंतु आपली आणि तिची ओळख बहुधा पुलावरची असते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि खंडव्याहून इंदुरास येणारा लोहमार्ग झाला. आमच्या घराण्यातील पहिला पुरुष मोरटक्क्याच्या पुलावरून, त्याच गाडीने इकडे आला असे आमच्या घरी सांगतात. तेव्हापासून गाडी पुलावर आली की खिडकीतून एक नाणे टाकायचे आणि हात जोडायचे, एवढाच आमचा नर्मदेशी व्यवहार होता.

माझा संबंध याहून थोडा अधिक होता, आणि तो या ग्रंथालयामुळे. बी. ए. च्या वर्षात गो. नी. दांडेकरांचे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ मी इथूनच नेले. ते वाचून आठ दिवस मला अन्न गोड लागले नाही. परीक्षा झाली की परिक्रमेस निघायचे असे मी मनाशी ठरवले. पुढे परीक्षा झाली, नोकरी लागली, लग्न झाले. पुस्तक परत केले आणि विचारही परत केला, असेच म्हणावे लागेल.

२०२२ च्या श्रावणात माझी कन्या घरी आली आणि जेवताना म्हणाली, “बाबा, कार्तिकात मी परिक्रमेला निघते आहे. पूर्ण. पायी.” ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. संगणक क्षेत्रातील चांगली नोकरी सोडून ती आली होती. त्याची कारणे तिने सांगितली नाहीत आणि आम्ही विचारली नाहीत. तिच्या आईने ताट बाजूला सारले. मी मात्र गंभीरपणे म्हणालो, “मी सोबत येतो.” बापाने घ्यावी अशी ती भूमिका होती. मुलीला एकटी कशी पाठवायची, असे मी सर्वांना सांगितले. मनातली गोष्ट निराळी होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी परत केलेले पुस्तक मला पुन्हा बदलून घ्यायचे होते. एक गोष्ट मी तेव्हा लपवली आणि ती आज उघड सांगतो. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि लांब चालण्यापूर्वी पाय तपासून घ्या, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले होते. मी पाय तपासून घेतले नाहीत.

कार्तिकी पौर्णिमेला ओंकारेश्वराच्या दक्षिण तीरावर संकल्प सोडून आम्ही पश्चिमेस निघालो. प्रत्येकाजवळ नर्मदाजलाची एक लहान कुपी होती. वाटेत तिच्यातले थोडे पाणी नदीत सोडायचे, थोडे नवे भरायचे, आणि परिक्रमेच्या अखेरीस ते ओंकारेश्वरास वाहायचे, असा प्रघात आहे. कन्येच्या पाठीवर सात किलोंचे ओझे होते; माझ्या पाठीवर अकरा. हा फरक पुस्तकांचा होता. ज्ञानेश्वरी, दांडेकर, अमृतलाल वेगडांचे ‘सौंदर्य की नदी नर्मदा’, एक कोश आणि दोन जाड वह्या. वाटेत प्रत्येक ठिकाणी त्या त्या ग्रंथातला भाग कन्येला वाचून दाखवायचा, असा माझा बेत होता. वर्गात तीस वर्षे बोलल्याने समोरचा ऐकतोच आहे, अशी एक समजूत आम्हा अध्यापकांची होऊन बसते.

पहिल्याच दिवशी दोन धडे मिळाले. निमाडातल्या गावांत परिक्रमावासीयांना माणसांत मोजत नाहीत, ‘मूर्ती’ म्हणून मोजतात. ओट्यावर बसलेला म्हातारा विचारतो, “कितनी मूर्ति हैं?” आणि मूर्तींच्या संख्येप्रमाणे शिधा काढतो. तिथे कोणी प्राध्यापक नसतो आणि कोणाची मुलगीही नसते. मी ‘बाबाजी’ झालो आणि माझी कन्या ‘माताराम’. सत्तर वर्षांची आजीबाई माझ्या मुलीच्या पाया पडू लागली, तेव्हा मुलगी संकोचाने मागे सरली. पण मी त्याहून अधिक संकोचलो. जिला कालपरवापर्यंत रस्ता ओलांडताना मी हात धरायला सांगत होतो, ती या वाटेवर माझ्या बरोबरीची मूर्ती होती.

दुसरा धडा वाटेचा. “पुस्तकात लिहिले आहे की इथून काठाकाठाने जायचे,” असे मी म्हणे. आणि कन्या शेतातल्या बाईला विचारून येई, की काठ पावसाळ्यात खचला आहे, वाट आता कापसाच्या शेतामधून वळून जाते. तिसऱ्यांदा असे झाल्यावर मी विचारणे तिच्यावर सोपवले. चालण्याचा वेगही हळूहळू तिचाच झाला. मी पुढे आणि ती मागे असे आम्ही निघालो होतो. रावेरखेडीला पोहोचेपर्यंत क्रम उलटा झाला होता.

रावेरखेडी हे नाव मराठी माणसास नवे नाही. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी इथेच देह ठेवला. अवघे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य. नर्मदेच्या दक्षिण तीरावर त्यांची समाधी आहे. मी पाठीवरचे ओझे उतरवले आणि स्वभावाप्रमाणे पालखेडपासून सुरुवात केली. पाऊण तास बोललो असेन. शेवटी पाहिले तर कन्या माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, माझ्या डाव्या बुटाकडे पाहत होती. “बाबा, तुम्ही पाऊल तिरके का टाकता आहात?” तिने विचारले. बूट चावतो आहे, असे मी म्हणालो. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. अंगठ्याखाली फोड येऊन तो आदल्या दिवशीच फुटला होता. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे दुखत फारसे नव्हते, आणि दुखत नाही म्हणजे ते गंभीर नाही, अशी मी माझी समजूत काढली होती. वस्तुतः मधुमेह्याच्या पायाची जखम न दुखणे हीच भीती वाटण्याची गोष्ट असते. हे मला ठाऊक होते.

मी ते का लपवले, याचा विचार नंतर मी पुष्कळ केला. मुलगी काळजी करील म्हणून, असे उत्तर सोपे आहे. पण खरे कारण असे, की तिने मला परत पाठवले असते. आणि मुलीने बापाला परत पाठवावे, हे मला सोसणारे नव्हते.

बकावांला आम्ही दोन रात्री राहिलो. नदीतले दगड घासून शिवलिंगे घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव. तिथल्या मुक्कामात पहाटे मला जाग आली, तेव्हा कन्या विजेरी घेऊन माझ्या मोजाकडे पाहत बसली होती. मोजा रक्ताने कडक झाला होता. ती काही बोलली नाही. सकाळी उठून पाहतो तो माझी पिशवी हलकी. ज्ञानेश्वरी आणि कुपी तेवढी ठेवून बाकी सर्व ग्रंथ तिने गावच्या शाळेच्या गुरुजींकडे सोपवले होते. ‘परतताना घेऊन जाऊ’ अशी चिठ्ठीही त्यांत ठेवली होती. मी संतापलो. या वयात मला कोणी न विचारता माझी पुस्तके काढून ठेवावीत! ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही मला न विचारता पाय काढून ठेवायला निघाला होतात.” यावर मला उत्तर सुचले नाही.

पुढचे तीन दिवस आम्ही फार थोडे चाललो. ती रोज सकाळ-संध्याकाळ जखम धुई आणि पट्टी बांधी. भट्ट्याणला सियाराम बाबांचे दर्शन झाले. ते तेव्हा हयात होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी देह ठेवला. दहा रुपयांहून अधिक दक्षिणा ते कोणाकडूनही घेत नसत. त्यांच्या आश्रमात बसलो असता मला श्रावणबाळाची कथा आठवली. आपण ती कथा नेहमी मुलाच्या बाजूने सांगतो. खांद्यावर कावड, दोन्ही पारड्यांत आई-बाप आणि धन्य तो पुत्र. पण कावडीत बसलेल्यांना काय वाटत होते, हे कोणी विचारत नाही. मुलाचा खांदा सोलवटतो आहे हे कळत असूनही बसून राहायचे, उतरतो म्हणायचे नाही आणि आपल्याला दिसत नाही हे मान्य करायचे, यालाही काही बळ लागत असले पाहिजे. आयुष्यभर उचलण्याची सवय झालेल्या माणसाला उचलले जाणे फार जड जाते.

सातव्या दिवशी दुपारी आम्ही नावडातोडीस पोहोचलो. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत हे स्थळ ‘नावडाटोली’ या नावाने प्रसिद्ध आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५० च्या दशकात इथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. समोर, नदीच्या पलीकडे, महेश्वर. अहिल्यादेवींचा तो किल्ला, तो घाट. मी लहानपणापासून शेकडो वेळा त्या घाटावर बसलो आहे. परंतु घाटावरून नावडातोडी पाहणे आणि नावडातोडीहून घाट पाहणे यांत किती अंतर आहे, हे त्या दिवशी समजले. पलीकडे ओळखीचे गाव, ओळखीचा दवाखाना आणि इंदूरची गाडी. मध्ये फक्त नदी, आणि काठाला नाव उभी.

माझे पाऊल सुजले होते आणि अंगात कणकण होती. कन्या म्हणाली, “नावेत बसा. वीस मिनिटांत डॉक्टर भेटतील.” मी म्हणालो, “नर्मदा ओलांडायची नाही.” हे मी म्हणावे याचे मला आजही नवल वाटते. मी काही फार कर्मठ गृहस्थ नव्हे. आगरकरांवर वर्षानुवर्षे मी व्याख्याने दिली आहेत. पण त्या क्षणी नियम माझ्या कामाचा होता. नियमाच्या आड मला माझा हट्ट लपवता येत होता. ती मोठ्याने म्हणाली, “नियम पाळायला पाय लागतात, बाबा!” घाटावरची माणसे वळून पाहू लागली. तिचे डोळे भरून आले होते. तिच्या जन्मापासून आजवर मी तिला माझ्यासाठी रडताना पाहिले नव्हते. निदान तसे लक्षात नाही.

तोडगा तिनेच काढला. दक्षिण तीरावरच, नदीपासून थोडे आत, कसरावद हे तालुक्याचे गाव आहे. नदी ओलांडायचे कारण नव्हते. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून आम्ही तिथे गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जखम उघडून पाहिली, साफ केली आणि सांगितले, “आणखी चार दिवस चालला असता तर बोटाचे सांगता आले नसते. आता महिनाभर एक पाऊलही चालायचे नाही.”

त्या रात्री धर्मशाळेत आम्ही प्रथमच सविस्तर बोललो. नोकरी का सोडली ते तिने सांगितले. ती हकिगत तिची आहे, ती मी इथे सांगणार नाही. मीही परत केलेल्या पुस्तकाची हकिगत सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही माझ्या सोबतीला आला नव्हतात. तुम्ही तुमच्या परिक्रमेला आला होतात. मग तसे सांगायचे होते. मी अधिक आनंदाने आणले असते.”

सकाळी प्रश्न उभा राहिला, की पुढे काय. तिने माझ्याबरोबर परत यावे, असा आग्रह तिची आई दूरध्वनीवरून करीत होती. मलाही तेच हवे होते आणि मी एक शब्द बोललो असतो तर ती आली असती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तो शब्द मी उच्चारला नाही. माझ्या हातून त्या प्रवासात घडलेली एकमेव बरी गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर मी हीच सांगेन. त्याच धर्मशाळेत परिक्रमेस निघालेल्या तीन महिला उतरल्या होत्या. त्यांच्यासोबत ती निघाली. मी माझी कुपी तिच्यापुढे धरली आणि म्हणालो, माझ्या वतीने तूच ओंकारेश्वरास वाहा. तिने ती घेतली नाही. “तुमची तुम्ही वाहा,” म्हणाली, “जिथे सोडली तिथूनच उचलायची असते. खंड परिक्रमा करणारे असेच करतात. मी विचारून ठेवले आहे.”

कसरावदहून इंदूरला यायचे म्हणजे पुलावरून नर्मदा ओलांडणे आलेच. बस पुलावर आली तेव्हा शेजारच्या प्रवाशाने खिडकीतून नाणे टाकले. मी टाकले नाही. आठवडाभर जिच्या काठाने चाललो ती अर्ध्या मिनिटात खालून निघून गेली.

त्यानंतरच्या महिन्यांत माझ्या वाट्याला एक निराळेच काम आले, आणि त्याचा या वास्तूशी संबंध आहे. बडवानीच्या पुढे गेल्यावर कन्येने एका संध्याकाळी दूरध्वनी केला. तिथली वाट काठाने जातच नव्हती. काठच उरला नव्हता. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटरपर्यंत उंचावली आणि २०१९ मध्ये जलाशय प्रथम पूर्ण भरला, तेव्हा जुने घाट, देवळे आणि शेते यांच्यासह परिक्रमेची जुनी वाट पाण्याखाली गेली. यात्री आता डोंगरांतून लांबचा वळसा घेतात. ती म्हणाली, “बाबा, मी एका टेकडीवर उभी आहे. खाली नुसते पाणी आहे. इथे पूर्वी काय होते, तुमच्या पुस्तकांत पाहून सांगाल का?”

माझी पुस्तके बकावांला होती. दुसऱ्या दिवशी काठी टेकीत मी इथे आलो. दांडेकर मिळाले, वेगड मिळाले. वेगडांनी १९७७ पासून, धरणे होण्यापूर्वीच्या नर्मदेकाठी टप्प्याटप्प्याने पदयात्रा केल्या होत्या. वाचनकक्षात बसून टिपणे काढायची आणि संध्याकाळी कन्येला वाचून दाखवायची, असा क्रम पडला. जी वाचने रावेरखेडीला तिला नकोशी झाली होती, ती आता ती मागून घेत होती. याचे कारण मला उशिरा उमगले. तेव्हा मी माझ्यासाठी वाचत होतो, आता तिच्यासाठी. पुढे इंदिरा सागराच्या परिसरात, २००४ मध्ये उठून गेलेल्या हरसूदजवळ ती पोहोचली, तेव्हाही असेच झाले. जी वाट पाण्याखाली गेली ती आता केवळ ग्रंथांत उरली आहे. आपल्या कपाटांत नर्मदेचा बुडालेला काठ सुरक्षित आहे, याची कल्पना आपल्यापैकी कितीजणांना असेल?

जानेवारीच्या अखेरीस, समुद्राला वळसा घालून उत्तर तीराने ती महेश्वरला आली. माझी जखम तोवर भरली होती. मी घाटावर बसून होतो, समोर नावडातोडी. दूरून एक काळवंडलेली, बारीक झालेली, काठी टेकीत येणारी बाई दिसली आणि मी ओळखण्याआधी हात जोडून ‘नर्मदे हर’ म्हणालो. तीही ‘नर्मदे हर, बाबाजी’ म्हणाली, आणि मग आम्ही दोघेही हसलो. तिथून मंडलेश्वरपर्यंतची थोडी वाट मी डॉक्टरांच्या अनुमतीने तिच्यासोबत चाललो. तिची पिशवी मी घेऊ पाहिली; तिने दिली नाही. मी आग्रह केला नाही. दर अर्ध्या तासाने ती मला बसवी आणि बूट काढायला लावी. मी काढत असे. मंडलेश्वरला तिचा निरोप घेऊन मी इंदूरच्या बसमध्ये बसलो आणि ती पुढे अमरकंटकाकडे गेली. एप्रिलच्या अखेरीस ओंकारेश्वरी तिची परिक्रमा पुरी झाली.

आपल्या वाङ्मयात वडीलधाऱ्यांसवे पायी प्रवास करणारा आणखी एक तरुण आहे: वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ च्या धामधुमीत ते आपल्या काकांबरोबर उत्तरेत फिरले आणि आई-वडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन परतले. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. मी ते पुस्तक वर्गात अनेकदा शिकवले. बंड, झाशी, लुटालूट यांवरच माझा भर असे. आता शिकवताना मला वरसईच्या घरी वाट पाहणारे ते आई-वडील दिसतात. मुलगा चालतो आहे आणि आपण घरी आहोत, हीदेखील प्रवासाचीच एक बाजू आहे. तिच्यावर फारसे कोणी लिहिलेले नाही.

माझी कुपी अद्याप माझ्या टेबलावर आहे. गेल्या कार्तिकात पाय तपासून घेतले, या वेळी खरोखरच तपासून घेतले, आणि कसरावदपासून पुढे आठ दिवस चाललो. सोबत कन्या होती. ओझे पाच किलोंचे होते, त्यात पुस्तक एकच. बडवानीजवळ आम्ही थांबलो. उरलेली वाट किती वर्षांत होईल ते ठाऊक नाही. कन्या म्हणते, तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस हा नियम तुमच्यासारख्यांसाठीच केलेला असणार.

बकावांच्या गुरुजींनी ठेवलेले ग्रंथ आणायला मी मागाहून गेलो होतो. शाळेतली मुले वेगडांचे पुस्तक वाचत होती. ते तिथेच ठेवून आलो. दांडेकरांची ती प्रत मात्र या ग्रंथालयाची होती, म्हणून घेऊन आलो. तिच्यावरचा विलंबशुल्काचा आकडा कार्यवाहांनी मला दाखवला आहे आणि तो मी आज सकाळी भरला आहे, हे सभासदांच्या माहितीसाठी सांगतो.

 नर्मदे हर.